बी.एड. हातात असताना इंग्लंडला पीजीसीई करायला कशाला जायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी. फिजिक्स, मग बी.एड., सांगलीजवळच्या अनुदानित शाळेत पाच वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान. घरी नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. पुण्यातला कन्सल्टंट सांगतोय की इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचं तर तिथे जाऊन आधी एक वर्षाची पीजीसीई, म्हणजे आपल्या बी.एड. सारखा तिथला अभ्यासक्रम, करावीच लागते, प्रवेश तो मिळवून देतो. कर्ज काढू का?

काढू नका. निदान आत्ता तरी नाही. मी इथे, इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या सरकारी शाळेत विज्ञानच शिकवते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

इथे शिक्षकाला लागतं ते क्यूटीएस, म्हणजे क्वालिफाइड टीचर स्टेटस. ते इंग्लंडचं शिक्षण खातं देतं. पीजीसीई ही विद्यापीठाची पदव्युत्तर पात्रता. तिच्यासोबत क्यूटीएस मिळतं म्हणून इथली मुलं ती करतात. पण क्यूटीएसला जाणारी ती एकमेव वाट नाही. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात शिक्षक म्हणून पात्र ठरलेल्यांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो, घरी बसून, ऑनलाइन, आणि अर्जाला फी नाही. अट अशी की तुम्ही ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असायला हवं. तुमचं फिजिक्स आणि तुमचे आठवी-नववी-दहावीचे वर्ग त्यात चपखल बसतात. कन्सल्टंट हे सांगत नाही, कारण या अर्जात त्याला कमिशन कुठून मिळणार?

पीजीसीईला गेलात तर आणखी एक अडचण आहे, आणि ती पैशापेक्षा मोठी आहे. जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या अभ्यासक्रमांखेरीज स्टुडंट व्हिसावर कुटुंब आणता येत नाही. पीजीसीई संशोधनात मोडत नाही. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची फी भरायची आणि वर्षभर मुलीला आजीकडे ठेवून इथे एकटीने राहायचं. कन्सल्टंटला हा प्रश्न विचारून बघा, काय उत्तर देतो ते.

आता क्यूटीएसच्या अर्जाचं. पदवी आणि बी.एड. या दोन्हींच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं, बी.एड. नंतरचा निदान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव, इंग्रजीचा पुरावा, आणि तुम्ही मान्यताप्राप्त शिक्षक आहात, तुमच्यावर शिकवायला कुठलीही बंदी नाही, असं अधिकृत पत्र. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं तुमच्याकडे कपाटात असतील. घोडं अडतं ते शेवटच्या पत्रावर. आपल्याकडे शिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन ‘इंग्लंडला पाठवायचं पत्र द्या’ म्हटलं तर क्लार्क तुमच्याकडे बघत राहील. त्यांच्या लेखी तुमचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश हाच पुरावा, वेगळं पत्र कशाला? म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भारतासाठी काय मजकूर हवा आणि कोणाची सही चालते ते आधी वाचा, मसुदा टाइप करून, मान्यतेच्या आदेशाची प्रत जोडून न्या. मोकळ्या हाताने गेलात तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परत याल.

अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. शिक्षणसेवक म्हणून काढलेली तीन वर्षं मुख्याध्यापक कधीकधी दाखल्यात वेगळ्या ओळीत टाकतात किंवा टाकतच नाहीत. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, पूर्णवेळ, विषय, इयत्ता हे सगळं एकाच दाखल्यात, इंग्रजीत, लेटरहेडवर घ्या. दोन वर्षांपेक्षा जास्त पूर्णवेळ अनुभव सिद्ध झाला तर नव्या शिक्षकांना इथे जो दोन वर्षांचा इंडक्शनचा काळ काढावा लागतो त्यातून सूट मिळते. तेवढ्यासाठी तरी तारखा नीट हव्यात.

इंग्रजीचं म्हणाल तर एम.एस्सी. इंग्रजीतून झाली, पण बी.एड. चे पेपर मराठीतून लिहिले असतील तर माध्यमाच्या पत्रावर विसंबू नका. मान्यताप्राप्त परीक्षा देऊन बी-टू ही इंग्रजीची वरची मध्यम पातळी दाखवा. तशीही ८ जानेवारी २०२६ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसाला, हीच पातळी लागते. दोन्हीकडे चालेल अशी परीक्षा निवडली की एका परीक्षेत काम भागतं.

क्यूटीएस मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असं मात्र नाही. व्हिसासाठी शाळेने नोकरी द्यायला हवी आणि तिच्याकडे स्पॉन्सरचं लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर बोलावण्याचा सरकारी परवाना, हवं. लायसन्स असलेल्यांची यादी सरकार जाहीर करतं. अर्ज करण्याआधी शाळेचं किंवा ती चालवणाऱ्या ट्रस्टचं नाव त्यात शोधा. ‘चार वर्षं क्यूटीएसशिवाय शिकवता येतं’ असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. परदेशात शिकलेल्या शिक्षकांसाठी तसा नियम आहे, पण अनक्वालिफाइड टीचरची श्रेणी लंडनबाहेर वर्षाला २२,६०१ पौंडांपासून सुरू होते, आणि स्किल्ड वर्कर व्हिसाला शिक्षकाचा पगार निदान २५,००० हवा. शिवाय शाळा स्पॉन्सर करण्याची खटपट करणार ती क्यूटीएसवाल्यासाठीच. म्हणून आधी क्यूटीएस, मग नोकरी.

नोकरीचं वेळापत्रक आपल्यापेक्षा निराळं आहे. वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि इथल्या शिक्षकाला उन्हाळ्यात सोडायचं असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे जाहिरातींचा पूर येतो तो फेब्रुवारी ते मे. सरकारचं टीचिंग व्हेकन्सीज आणि टेस ही दोन संकेतस्थळं बघत राहा. सीव्ही बहुधा चालत नाही, शाळेचा फॉर्म भरायचा असतो, आणि शिक्षण संपल्यापासूनच्या प्रत्येक खंडाचं कारण लिहायचं असतं. बाळंतपणाची रजा, घरी बसलेलं वर्ष, सगळं. लपवायचं काही नाही. त्यांना फक्त मोकळी जागा नको असते.

मुलाखतीला धडा घ्यायला लावतात. ऑनलाइन मुलाखतीत कधी तुमच्याच वर्गातला धडा कॅमेऱ्यावर मागतात, कधी नुसता आराखडा. इथे आपली सवय आडवी येते. आपण फळ्याकडे वळून ओहमचा नियम लिहितो, सूत्र मांडतो, एक उदाहरण सोडवतो, ‘समजलं?’ विचारतो, मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात. इथे निरीक्षक फळ्याकडे बघतच नाही, तो मुलांकडे बघतो. मुलं वर्गात शिरताच समोर तीन-चार छोटे प्रश्न लिहिलेले हवेत, त्याला ‘डू नाऊ’ म्हणतात. मग दहा मिनिटं शिकवा, प्रश्न टाका, प्रत्येक मूल हातातल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर उत्तर लिहून वर धरतं. तीस पाट्यांत आठ ठिकाणी व्होल्ट आणि अँपिअरची अदलाबदल दिसली, तर पुढे न जाता तिथेच थांबून पुन्हा सांगायचं. हे ज्याला जमलं त्याचा उच्चार भारतीय आहे का ब्रिटिश, याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. आत्ताच तुमच्या नववीच्या वर्गात करून बघा; पाटी नसेल तर वहीचं मागचं पान चालतं.

सेफगार्डिंगवर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेवर, एक प्रश्न हमखास येतो: मूल म्हणालं, ‘बाई, एक सांगते, पण कोणाला सांगू नका’, तर? आपलं उत्तर ‘तिच्या आईला बोलावून घेईन’ असं येतं. ते इथे चुकीचं. गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी करायची नाही, आणि शाळेतल्या नेमलेल्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याला लगेच, लेखी कळवायचं. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी दस्तऐवजाचा पहिला भाग वाचून जा.

आणि हो, फिजिक्सचे शिक्षक म्हणून घेतलं तरी सातवी-आठवीच्या वयाला बायोलॉजी आणि केमिस्ट्रीही शिकवावी लागेल. वर्गातली शिस्त हा वेगळाच विषय. ‘बाई’ म्हटल्यावर उभी राहणारी मुलं विसरा.

पैशाचं सांगते. २०२५-२६ साली लंडनबाहेर सुरुवातीचा पगार ३२,९१६ पौंड. कर, विमा, पेन्शन कापून हातात महिन्याला २,१०० च्या आसपास. तुमचा अनुभव धरून वरच्या टप्प्यावर घ्या असं ऑफर स्वीकारण्याआधी मागा, नंतर कोणी वाढवत नाही. खर्चात लोक हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, विसरतात. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तिघांचं तीन वर्षांचं एकदमच भरायचं, म्हणजे ८,५३८ पौंड, आणि व्हिसाची फी वेगळी. काही शाळा यातला वाटा उचलतात, विचारायला लाजू नका. नवऱ्याला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. दोघांचंही पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून लागेल.

धाकट्या बहिणीचं विचारलंत. बी.ए., डी.एड., पहिली ते चौथी. तिला ही थेट वाट बंद आहे: वयोगटही बसत नाही आणि डी.एड. ची पातळी पदवीइतकी धरत नाहीत. टीचिंग असिस्टंटच्या नोकरीवर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही, तेव्हा ‘आधी असिस्टंट म्हणून घुसायचं’ हा सल्ला ऐकू नका. ती अविवाहित आहे, तर तिच्या बाबतीत प्रायमरीची पीजीसीई विचार करण्यासारखी आहे, पण ती क्यूटीएससह असलेलीच. ‘इंटरनॅशनल पीजीसीई’ नावाने ऑनलाइन जे विकलं जातं त्याने क्यूटीएस मिळत नाही. भारतात राहून करायचं तर २०२२ पासून आयक्यूटीएस, म्हणजे इंटरनॅशनल क्यूटीएस, आहे, आणि इंग्लंड ते क्यूटीएसच्या बरोबरीचं मानतं. इंटरनॅशनल पीजीसीई आणि आयक्यूटीएस ही दोन्ही नावं इतकी सारखी आहेत की माहितीपत्रकात ‘क्यूटीएस’ ही तीन अक्षरं नेमकी कुठे आणि कशी आलीत ते तिला स्वतः वाचायला सांगा. आणि स्कॉटलंडच्या जाहिराती तुम्ही दोघींनीही वेगळ्या काढा. तिथे नोंदणी करणारी संस्था दुसरी आहे, इंग्लंडच्या क्यूटीएसवर तिथलं काम आपोआप होत नाही.