बोंबील मागताना

नवखा आहेस म्हणून सांगतो, कोळणीसमोर बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणू नकोस, ती हसेल आणि भाव चढा लावेल. ‘मावशी, ओले बोंबील कसे दिले?’ एवढंच विचार. गुजराती शेजारी याला बुमला म्हणतात, बंगाली लोटे. मासा तोच, डोलजाळ्यात, म्हणजे समुद्रात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात सापडणारा.

‘डक’ची गोष्ट तुला कुणीतरी ऐकवेलच: सुके बोंबील डाकगाडीने जायचे, डब्यात वास सुटायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’! ऐकायला झकास. पण आपली रेल्वे 1853 ची आणि हे इंग्रजी नाव त्याआधीच्या छापील लिखाणात सापडतं. तेव्हा हसून सोडून दे.

खरी मजा वेसाव्याला, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बघ. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतात, गाठ लागतच नाही. वाळला की काठी. हडकुळ्या पोराला ‘सुका बोंबील’ का म्हणतात ते तिथे कळतं.

ओला घेताना चमक बघ, पोट फुटलेला नको. घरी चिरून मीठ लाव आणि पाट्याखाली दाबून ठेव. पाणी निथळलं नाही तर तव्यावर लगदा होतो. माझा पहिल्यांदा झालाच होता, चमच्याने खाल्ला.