(−२, ५) आणि (४, −७) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ कसा काढावा?

या रेषेचा चढ −२ आहे. य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागले की चढ मिळतो. वजाबाकी कोणत्याही बिंदूपासून सुरू करता येते, मात्र अंशात ज्या बिंदूचा निर्देशक आधी घेतला त्याचाच निर्देशक छेदातही आधी घ्यावा लागतो, नाहीतर उत्तराचे चिन्ह उलटे होते. येथे अंश −७ − ५ = −१२ आणि छेद ४ − (−२) = ६ येतो. चूक बहुधा या छेदातच होते, कारण घाईत एक वजा चिन्ह गळते आणि ६ ऐवजी २ लिहिले जातात. चढ ऋण असल्यामुळे क्ष १ ने वाढला की य २ ने घटतो. दोन्ही क्ष-निर्देशक समान असते, तर छेद शून्य झाला असता. अशा उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही.