दलाली दीड लाखाची, दाखला चार लाखांचा

प्रश्न : मी डिचोली येथे शिक्षक आहे. पर्वरी भागात आम्ही पती-पत्नीने दोन शयनगृहांची एक नवी सदनिका पाहिली असून तिची किंमत ७८ लाख रुपये आहे. ही सदनिका आम्हाला एका दलालाने दाखवली व तो आमच्याकडे २ टक्के दलाली मागतो. चार दिवसांनी बिल्डरच्या कार्यालयातून फोन आला, की आपण थेट आलात तर किमतीत दीड लाखाची सूट देऊ. इमारत बांधून पूर्ण झाली आहे, मात्र दाखले ‘येत्या महिन्यात’ मिळतील असे सांगून २ लाखांचे टोकन आताच मागितले जात आहे. दलालाला वगळणे योग्य ठरेल का? आणि तो नसेल, तर कागदपत्रे कोण तपासणार? – एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक सार्वत्रिक गैरसमज दडलेला आहे. दलाल कागदपत्रे तपासत नाही. नव्या इमारतीतील सदनिका विकली गेली, की साधारणपणे बिल्डरच त्याला मोबदला देतो, त्यामुळे व्यवहार मोडेल असा दोष शोधून काढण्यात त्याला रस असण्याचे कारण नाही. दलाल असो वा नसो, आपल्याला स्वतःचा वकील लागणारच, आणि तो बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.

आता टोकनाविषयी, कारण या व्यवहारात दलालीपेक्षा मोठी रक्कम तिथे अडकलेली आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर संपूर्ण किंमत अदा केली, तर सदनिकेवर जीएसटी लागत नाही. मात्र दाखला हाती येण्यापूर्वी किमतीचा काही भाग दिलेला असेल, तर तो व्यवहार बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचा मानला जातो आणि ४५ लाखांहून अधिक किमतीच्या घरावर ५ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत ३ लाख ९० हजार रुपये कर लागू शकतो. दलालाची मागणी १ लाख ५६ हजारांची आहे व बिल्डरची सूट दीड लाखाची. या दोन्ही आकड्यांवर आपण रात्र-रात्र विचार केला असेल, पण टोकनाच्या एका धनादेशाने त्याहून दुपटीहून अधिक भुर्दंड ओढवू शकतो. ‘येत्या महिन्यात’ या शब्दांवर विसंबू नका. नगर नियोजन खात्याचा किंवा नियोजन व विकास प्राधिकरणाचा पूर्णत्वाचा दाखला आणि पंचायतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ऑक्युपन्सी, यांच्या प्रती हाती घेऊन त्यांवरील तारीख पाहा व त्यानंतरच पैसे द्या. थांबणे अशक्यच असेल, तर कर कोण भरणार हे करारात स्पष्ट लिहून घ्या. नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याने बिल्डरला मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

दलालाला परस्पर टाळून मागच्या दाराने जाऊ नये, असे माझे मत आहे. आधी त्याच्याकडे गोवा रेराचा, म्हणजे या कायद्याखालील राज्य प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकेची विक्री जुळवून देण्यासाठी दलालाचीही नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. ती नसेल, तर त्याच्या मागणीला फारसा आधार उरत नाही. नोंदणी असेल, तर बिल्डरकडून तो काही घेणार आहे का, हे दोघांनाही विचारा व उत्तर लेखी मागा. तिकडून मोबदला मिळत असेल, तर एकाच कामाची दोन्हीकडून दलाली देण्याचे कारण नाही. मिळत नसेल, तर त्याने घातलेल्या वेळेचा मोबदला म्हणून ठरावीक रक्कम तोडून द्यावी. सूट कोणत्याही मार्गाने मिळो, ती नोंदणीकृत करारातील किमतीत दिसली पाहिजे. कार्यालयातील चिठ्ठीवर किंवा रोखीच्या हिशेबात ती दिसत असेल, तर तिला सूट म्हणता येत नाही.

दलालाचा खरा उपयोग असतो तो वेगळ्याच माहितीसाठी : नळाला पाणी किती वेळ असते, टँकर किती वेळा मागवावा लागतो, त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीत लिफ्ट कितीदा बंद पडते. ही माहिती कोणत्याही उताऱ्यात सापडत नाही. मी स्वतः पहिली सदनिका घेतली तेव्हा दलालाने सगळे दाखवले, पण वाहनतळावरील माझी जागा मात्र नकाशावरच दाखवली. ताबा घेतल्यावर कळले, की उजव्या बाजूला खांब आहे. पुढची अकरा वर्षे गाडी उभी केली, की गिअरवरून पाय उचलून मला डाव्या दाराने बाहेर पडावे लागत असे. तेव्हा आपण आपली गाडी घेऊन जा आणि प्रत्यक्ष त्या जागी उभी करून पाहा.

वकिलाकडून जमिनीचा एक-चौदाचा उतारा (मालकी व कब्जाची सरकारी नोंद), बांधकामासाठी रूपांतराची सनद (जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी) आणि मंजूर नकाशे तपासून घ्या. गोव्यात एक गोष्ट विशेष पाहावी लागते. येथील नागरी संहितेनुसार लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, त्यामुळे मूळ भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, जमीन दिली असली, तरी त्याच्या पत्नीची सही दस्तावर आहे का, आणि जमीन वारसांकडून आलेली असेल, तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, होऊन वाटणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय मालकी निर्वेध म्हणता येत नाही. बनावट कागदांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले होते, म्हणून जुन्या दस्तांची साखळी तपासताना वकिलाला घाई करायला लावू नका. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणीची सक्ती नसते. खेडोपाडी अशा लहान इमारती पुष्कळ आहेत व तिथे हीच तपासणी अधिक कसून करावी लागते.

किंमत ५० लाखांहून अधिक असल्याने बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस (उगमस्थानी करकपात), म्हणजे ७८ हजार रुपये, कापून सरकारजमा करणे ही जबाबदारी आपली आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास कळवल्यानंतर तीस दिवसांत विनामोबदला तो दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. दाखल्यासाठी थांबत असाल, तर तो वेळही वाया घालवू नका : चतुर्थीपूर्वी दोन-तीन दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर एकदा जाऊन पश्चिमेकडील भिंतीला आतून हात लावून पाहा आणि खिडकीच्या चौकटीखाली रंग फुगला आहे का, तेही बघा.