गणपतीसाठी ४५ हजारांचं कर्ज काढू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ घर, घरखर्च भागून महिन्याला ५,००० उरतात, बचत खात्यात १८,००० आणि एक लाखाची ठेव. गणपतीला दोन महिने आहेत. घराला बाहेरून-आतून रंग २२,०००, मुंबईहून येणाऱ्या १२ कुटुंबांना सुक्या मेव्याचे डबे ८,४००, तयार मखर ५,६०० आणि नव्या सुनेचा ओवसा (गौरीच्या सणात सुपं घेऊन थोरांच्या पाया पडण्याचा विधी) ९,०००, असे ४५,००० हवेत. १६ टक्क्यांनी वर्षाचं वैयक्तिक कर्ज घ्यावं, की यजमान म्हणतात तशी ठेव मोडावी?

दोन्ही नको. कर्जाचा हप्ता ४,०८३ रुपये बसेल. व्याज जवळपास ४,०००, त्यावर दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी १,०६२. पाच हजार पाण्यात गेले तेही एक वेळ सोसता येतील. पण महिन्याला हातात उरतील ९१७ रुपये, म्हणजे पुढच्या गणपतीला पुन्हा कर्जच. अगदीच नड आली तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त व्याज पडतं. तुमची ठेव ७ टक्क्यांची आहे, तेव्हा ४५,००० वर्षभरात फेडलेत तरी व्याज २,०००च्या आत राहील.

पण खरा प्रश्न रंगाचा आहे. जांभ्याच्या भिंती पावसात पाणी पितात. आषाढ-श्रावणात बाहेरून रंग दिलात तर आतला ओलावा बाहेर पडताना रंगाचे पापुद्रे उचलतो आणि दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा तशीच दिसते. पारख सोपी आहे. दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर रंगाचा डबा उघडूच नका. आत्ता फक्त गणपती बसतो ती आतली भिंत करा, तीही या पारखेला उतरली तरच. १२ बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधं इमल्शन दोन लिटर पुरतं. लोणा (भिंतीवरचा पांढरा खार) फुटला असेल तिथे आधी कोरड्या ब्रशने खरवडा, पाण्याने पुसू नका. प्रायमर, लांबी (पुट्टी), रोलर धरून घरच्या घरी १,७००मध्ये काम होईल.

मखराऐवजी माटवी बांधा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांनी सजवलेली चौकट. लाकडी चौकट माळ्यावर असेलच. आंब्याचे टाळे, कवंडळं, सुपारीचे घड, नारळाचा घड, तवशी यांतलं निम्मं परड्यातच मिळतं. दोरी, दिव्यांची माळ आणि बाकीची फळं मिळून १,००० पुरेत. थर्माकोलचं मखर कोणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका, राज्यात त्यावर २०१८पासून बंदी आहे.

डब्यांचं म्हणाल, तर सुका मेवा मुंबईत गल्लोगल्ली मिळतो. तुमच्याकडे मे महिन्यातलं चार किलो आमसूल आहे, त्यातलं प्रत्येक घराला पाव किलो द्या. पावसात ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, म्हणून कागदात न बांधता जाड पिशवीत हवा काढून बंद करा. सोबत नाचणीचे १२ लाडू. एक किलो पिठाला अर्धा किलो तूप आणि ६०० ग्रॅम किसलेला गूळ घेतला की ३५ ग्रॅमचे साठ लाडू होतात, खर्च सुमारे ५००. १२ घरांना अडीच किलो पीठ लागेल. पीठ मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. कच्चं राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो. गूळ पीठ कोमट झाल्यावरच घाला, गरम पिठात तो वितळतो आणि लाडू दगडासारखे होतात. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला घाम येऊन बुरशी धरते. डबे-पिशव्यांसकट १,७००.

ओवशाचे ९,००० मात्र कमी करू नका. सून पहिल्यांदा सुपं घेऊन थोरामोठ्यांच्या पाया पडणार, तिथे हात आखडता घेतलेला तिला जन्मभर आठवेल. तुमच्याकडे गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच पहिला ओवसा करायची पद्धत असेल, तर आधी भटजींना विचारून घ्या. यंदा पूर्वा नसेल तर हा खर्च आपोआप पुढे जाईल.

एकूण झाले १३,४००. दोन महिन्यांच्या शिलकीतून १०,००० येतील, बचतीतून ३,४०० काढा आणि सप्टेंबरच्या शिलकीतून परत भरा. ऑक्टोबरपासून महिन्याला ३,५०० रंगासाठी बाजूला टाका. मार्चअखेर २१,००० जमतील, भिंतीही तेव्हा कोरड्या ठणठणीत असतात. उरलेले १,५०० पुढच्या गणपतीसाठी नऊ महिन्यांच्या आवर्ती ठेवीत घाला, जुलैत १३,५०० आणि वर व्याज हाती येईल. बँकेत किमान मुदत आधी विचारा. काही बँका १२ महिन्यांपेक्षा कमी मुदत देत नाहीत आणि मग पैसे गणपती गेल्यावर मिळतील. तसं असेल तर वेगळं बचत खातं उघडून त्यात भरा. पोस्टाची आवर्ती ठेव या कामाला घेऊ नका, ती पाच वर्षांची असते.