घरपट्टी शेजाऱ्याच्या दुप्पट आली आहे. महापालिकेशी भांडून उपयोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या हद्दवाढ भागात (म्हणजे नंतर शहरात घेतलेल्या गावांच्या भागात) घर बांधलं, घरपट्टीची विशेष नोटीस आली, आकडा शेजारच्या तेवढ्याच घराच्या जवळपास दुप्पट आहे, आणि ऑफिसात "नियमाप्रमाणे आहे" एवढंच सांगून वाटेला लावलं. महापालिका सामान्य माणसाशी सरळ वागते का, असा तुमचा प्रश्न आहे.

सरळपणाचं नंतर बोलू. आधी नोटिशीवरची तारीख बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 खाली अशा विशेष नोटिशीवर हरकत घ्यायला किमान 21 दिवस द्यावे लागतात. ती मुदत गेली की तोच आकडा कायम होतो आणि मग कितीही खरं बोललात तरी ऐकायला कुणी बांधील नसतं.

मी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कर विभागात नोकरी करून निवृत्त झालो. नगरपालिकांचा कायदा वेगळा, महापालिकेचा वेगळा, पण टेबलं सगळीकडे सारखीच. त्या टेबलामागे बसून माझं एक मत झालंय. आमच्यातले लोक तोंडावर खोटं फार कमी बोलतात. अर्धं सांगतात. "नियमाप्रमाणे आहे" हे खरंच असतं, फक्त कुठला नियम, कुठला दर, किती चौरस फूट धरले, हे तुम्ही विचारेपर्यंत कुणी सांगत नाही. हरकतीची मुदत नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते. म्हटलं तर सांगितलंय, म्हटलं तर नाही.

सुनावणीच्या दिवशी हा फरक उघडा पडायचा. एका दुपारी पन्नासएक माणसं. ज्याच्या हातात मोजमापाचा कागद, त्याचा आकडा कमी व्हायचा. जो नगरसेवकाला घेऊन यायचा, त्याचाही व्हायचा. आणि एखादी म्हातारी बाई रिकाम्या हाताने येऊन "एवढं कुठून भरू साहेब?" म्हणायची, तिला "बघू" मिळायचं. कुणी लाच घेतलेली नसायची, फाईल स्वच्छ असायची, तरी मला तो अन्यायच वाटायचा.

आता तुमचा आकडा. भाड्यावर आधारलेल्या पद्धतीत घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती यावं हे धरतात, दुरुस्तीसाठी त्यातून 10 टक्के वजा करतात, आणि उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर कर. म्हणजे चूक व्हायच्या जागा मोजक्याच आहेत: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, भाडेकरू. पुढच्या खोलीत शिवणयंत्र ठेवलं म्हणून मोजणीवाल्याने "बिगर निवासी" लिहिलंय का ते बघा. शहराच्या पूर्व भागात तर अनेक घरांत राहणं आणि काम एकाच छताखाली चालतं, तिथे हा शेरा कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. गच्ची किंवा पत्र्याची शेड स्लॅबच्या दराने धरली आहे का, तेही तपासा.

शेजाऱ्याचं नाव मात्र हरकतीत घालू नका. त्याचा आकडा कमी असण्याचं कारण बहुधा एवढंच असतं की आकारणी जुनी आहे आणि वरचा मजला नोंदवलेलाच नाही. तुम्ही बोट दाखवलं तर त्याचा वाढेल, तुमचा तसाच राहील आणि गल्लीत बोलणं बंद होईल. आपली मापं घेऊन आपलं भांडा.

माहितीच्या अधिकाराचा सल्ला सगळे देतात, पण हिशोब करा: तिथे उत्तराला 30 दिवस, इथे हरकतीला 21. उत्तर येईपर्यंत गाडी गेलेली असते. म्हणून हरकत आधी टाका, आणि त्यातच "आकारणीचा तपशील व मोजमापाची प्रत मिळावी" असं लिहा. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात कार्यालयातले अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत, असा शासन निर्णय 2018 पासून आहे. तो धरून जा. "साहेब मीटिंगला गेलेत ओ" असं ऐकायला मिळेल, तेव्हा अभिलेख पाहायला आल्याचा अर्ज बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी आलेल्या माणसाची कुठे नोंद राहत नाही.

वाद चालू असताना पैसे पूर्ण अडवू नका. थकलेल्या करावर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. जेवढं मान्य आहे तेवढं "हरकत राखून" असं पत्र देऊन भरायचा प्रयत्न करा. या शास्तीवरून मला खरा राग येतो तो अभय योजनेचा. वर्षानुवर्षं थकवणाऱ्यांची शास्ती माफ करायची, आणि बायकोचे दागिने गहाण ठेवून वेळेत भरणाऱ्या विडी कामगाराला चार-पाच टक्के सूट दिली की झालं. तिजोरीत पैसा येतो, हे खरं. पण वेळेत भरणारा पुढच्या वर्षी काय शिकतो?

हद्दवाढीचं तुमचं दुखणं जुनं आहे. 1992 मध्ये आसपासची गावं शहरात आली, कर शहराचा लागला, आणि रस्ता-ड्रेनेजची वाट कित्येक वसाहती अजून बघतायत. पाण्याचंही तसंच, पाणीपट्टी वर्षाची आणि नळ काही दिवसांआड. पण "सोयी नाहीत म्हणून कर कमी करा" हा मुद्दा आकारणीच्या सुनावणीत टिकत नाही, कारण तो अधिकारी फक्त करयोग्य मूल्य बघतो. तो लोकशाही दिनात मांडा, प्रभागाच्या नगरसेवकाकडे मांडा. सुनावणीत फक्त चौरस फूट बोला.

सुनावणी झाली की निर्णय लेखी मागा, "केलंय कमी" या शब्दावर घरी येऊ नका. पटला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील आहे, पण त्याला 15 दिवसच मिळतात. आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम भरून ठेवावी लागते. गरिबाला हे दार जड आहे, आणि ते तसं ठेवलंय हे मला चुकीचं वाटतं. म्हणून पहिल्या 21 दिवसांतच जीव ओता. नोटिशीवरचं क्षेत्रफळ आणि वापराचा शेरा इथे खाली लिहिलात (मालमत्ता क्रमांक नको), तर हरकतीचा मसुदा मी लिहून देतो.