शारजाची धूळ आणि आपली भाजावळ

ताई, तुमच्या मिस्टरांना शारजात नोकरी लागली, मुलगा सहा वर्षांचा, त्याला बालदमा. गुहागरची समुद्राची हवा सोडून त्याला वाळवंटात न्यावं का, असं विचारलंत. मी चिपळूणजवळचा, शारजात चौदा वर्षं झाली, आणि माझ्या मुलीलाही दमा आहे. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

गावची हवा चांगली, हे माझी आईही म्हणते, आणि म्हणताना चुलीपुढे बसून खोकते. भाजावळीत कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा (सुका पाला), शेण पसरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजतात तेव्हा मुलीला निळा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर) दिवसातून चारदा लागायचा. डोंगराला वणवा लागला, हायवेच्या कामाची लाल धूळ उडाली, की तेच. पाऊस सगळं धुऊन काढतो खरा, पण मग भिंतींना बुरशी धरते आणि तीही दम्याला बाधते.

शारजात धुळीचा जाच वेगळा. उन्हाळ्यात शमाल नावाचा वायव्येचा वारा इराककडून धूळ आणतो. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी पिठासारखी पांढरट. ही जाड धूळ बरीचशी नाकाघशात अडकते, शिंका-खोकला आणते. खरी धास्ती पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणाची. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक. गाड्या, कारखाने, जनरेटर यांच्या धुरातून येतो, फुप्फुसाच्या तळाशी जातो, काही अंश रक्तात उतरतो. म्हणून त्याचा संबंध फक्त दम्याशी नाही, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारताची ४० आहे. आखाती शहरं त्या ५ च्या कित्येक पट वर असतात. शिवाय कडक उन्हात गाड्यांच्या धुरापासून ओझोन तयार होतो, दुपारनंतर जास्त. तेव्हा मुलाला मैदानात सोडायचं नाही.

तरी मी नको म्हणणार नाही. इथे घर बंद ठेवता येतं, गावात ते जमत नाही. फक्त एसीची जाळी दर आठवड्याला धुवा. आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये मालकाने डक्ट कधी साफच केला नव्हता. मुलगी महिनाभर रात्री बसून काढायची आणि आम्ही दोष देत होतो वाळवंटाला! घर इंडस्ट्रियल एरिया आणि मोठ्या रस्त्यापासून लांब बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. घरात ऊद-बखूर (अरबी सुगंधी धूप) नको, आपली धूपकांडीही नको. धुळीच्या दिवशी कापडी मास्कचा उपयोग नाही, एन-९५ घ्या, मुलाच्या मापाचा.

विम्याच्या अर्जात दमा लपवू नका. रोजचा पंप (दमा आटोक्यात ठेवणारा) तब्येत बरी वाटली म्हणून बंद करू नका. आम्ही ती चूक केली आणि रात्री दोन वाजता इमर्जन्सी गाठली.

आणि डिसेंबरात येऊन ‘हवा किती छान’ म्हणून ठरवू नका, तेव्हा सगळ्यांनाच छान वाटते. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे आणा. पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग मोजणारं छोटं साधन) आतापासून घ्या, रोज सकाळी-संध्याकाळी फुंकायला लावा, आकडा वहीत लिहा. गुहागरची पानं आणि शारजाची पानं शेजारी ठेवून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.