वहिवाट, कब्जा आणि ‘प्रतिकूल’

प्रश्न: आमच्याकडे, गुहागर तालुक्यात, सर्रास म्हणतात, ‘बारा वर्षं वहिवाट झाली की जमीन त्याची.’ कोर्टाच्या कागदात मात्र ‘प्रतिकूल कब्जा’ असं येतं. दोन्ही एकच का? आणि प्रतिकूल म्हणजे कोणाला?

उत्तर: एकच नाहीत, आणि ही सरमिसळ फार महागात पडते.

वहिवाट म्हणजे चालत आलेला वापर, रिवाज, कारभार. देवस्थानचा वहिवाटदार देवाच्या जमिनीचा मालक नसतो, तो कारभार बघतो. ‘कुळवहिवाट’मध्येही कसणारा एक आणि मालक दुसरा. थोडक्यात, वहिवाट या शब्दाचं मालकाशी वैर नाही. कब्जा अरबीतून आला, मूळ अर्थ मुठीत धरणं. तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. ताबाही अरबीच, पण ‘मागून चालणारा, आज्ञेतला’ या अर्थाच्या शब्दातून. ताबेदार त्याच घरातला. सातबारावरचा भोगवटादार मात्र संस्कृत ‘भोगा’चा वंशज. याज्ञवल्क्यस्मृतीतही, दुसरा जमीन भोगत असताना जो पाहतो पण बोलत नाही त्याची ती 20 वर्षांनी जाते, असं वचन आहे.

प्रतिकूल म्हणजे खऱ्या मालकाला प्रतिकूल. नुसता वापर पुरत नाही. ‘ही जमीन माझी, तुझा हक्क मी मानत नाही’ अशा भूमिकेतून, उघडपणे, सलग आणि जोरजबरदस्तीशिवाय केलेला कब्जा हवा. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात (अनुच्छेद 65) मालकाला कब्जा परत मागण्यासाठी 12 वर्षं आहेत आणि ती मोजायची कब्जा प्रतिकूल झाल्या दिवसापासून. जमिनीत पहिलं पाऊल पडलं त्या दिवसापासून नव्हे. मुदत टळली की कलम 27 प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला 30 वर्षं लागतात. या 12 चा आपल्या ‘तपा’शी काही संबंध नाही, तरी गावात तो जोडतात.

आता कोकणातली नेहमीची गोष्ट घ्या. मालक मुंबईला. शेजारी त्याचे माड, कलमं राखतो आणि मे महिन्यात मालक आला की आंब्याची एक पेटी पोचती करतो. चाळीस वर्षं गेली तरी ही वहिवाटच. ती पेटीच सांगते की मालक कोण हे त्याला मान्य आहे. खंड (जमिनीचं भाडं) किंवा अर्धल (निम्मं पीक) देणाऱ्याचंही तसंच. तो खरोखर कूळ असेल तर त्याची वाट 1948 च्या कुळकायद्यातून, तहसीलदाराकडे जाते. प्रतिकूल कब्ज्याकडे नाही. गावच्या घरात राहिलेला भाऊ मुंबईच्या भावांविरुद्ध 12 वर्षं मोजू लागतो, तीही मोठी चूक. सामाईक जमिनीत एकाचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बाकीच्यांचा हक्क त्याने उघड नाकारला आणि ते त्यांना कळलं, हे सिद्ध झालं तरच मुदत सुरू होते.

म्हणून दाव्यात शब्द जपून वापरावेत. ‘आमची पिढ्यान्‌पिढ्या मालकांच्या संमतीने वहिवाट आहे, सबब आम्ही मालक’ या एका वाक्यात दावा स्वतःच्याच हाताने बुडतो; संमती आली की प्रतिकूलपणा गेला. त्याऐवजी कब्जा कोणत्या तारखेपासून, कोणत्या नात्याने, मालकाला तो केव्हा व कसा कळला, किती गुंठ्यांवर आणि चतुःसीमा कोणत्या, हे लिहावं लागतं. पाच गुंठ्यांभोवती चिऱ्याचा गडगा घातला असेल तर मागणी तेवढ्याचीच. मोजणीचा नकाशा जोडलेला बरा. घरपट्टी, वीजबिल, गाव नमुना 12 वरची पीकपाहणी यांनी कब्जा दिसतो, पण वैरभाव दिसेलच असं नाही. तलाठी अशी मालकी आपल्या अधिकारात लावत नाही. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळाल्यावर फेरफार होतो. पूर्वी हा मुद्दा बचावापुरताच चालतो असं मानत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात, कब्जेदार स्वतः वादी होऊनही तो मांडू शकतो, असं ठरवलं.

मालकाने नुसत्या नोटिशीवर विसंबू नये. मुदत थांबते ती दावा दाखल झाल्यावर. कब्जेदाराने मुदतीच्या आत ‘आपल्या परवानगीने वापरतो’ असं लिहून दिलं तर उत्तमच.

माझ्या मते ‘प्रतिकूल कब्जा’पेक्षा ‘मालकाविरुद्धचा कब्जा’ हे जास्त स्वच्छ मराठी आहे. त्यात कोणाला प्रतिकूल हा प्रश्नच उरत नाही. वहिवाट हा शब्द पाणंदीसाठी, विहिरीच्या वाटेसाठी राखावा. दुसऱ्याच्या परड्यातून 20 वर्षं हक्काने, उघड आणि अखंड ये-जा असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जाण्याचा हक्क मिळतो, जमीन नाही. अशी वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि तो अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो.